चूल वेगळी, रेशनकार्ड एक

शिरोळ तालुक्यातल्या एका पूरग्रस्त गावातून पंचवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. शिक्षण मराठी माध्यमातून, अर्थशास्त्रात बी.ए. नंतर तीन वर्षं पुण्यात एमपीएससीची तयारी केली. पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. गेलं सव्वा वर्ष जयसिंगपूरच्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. वडील साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे, म्हणून लागले, आता क्लार्क आहेत, दोन वर्षांनी निवृत्त होतील. धाकटा भाऊ आयटीआयला.

तिला दिल्लीतल्या एका खासगी संस्थेत पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सार्वजनिक धोरणांच्या, एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. फी, राहणं, खाणं मिळून खर्च बारा लाखांच्या घरात. वडील तीस गुंठे जमीन तारण ठेवायला अर्ध्या मनाने तयार आहेत, पण विचारतात, “हे शिकून पोस्ट कोणती मिळते?” मामांचं म्हणणं, आणखी एक अटेम्प्ट दे, नाहीतर स्थळं बघायला लागू. जागा पक्की करायला पन्नास हजार भरायचे आहेत. ती विचारते: जाऊ की नको? सरकारच्या निर्णयांत आपलाही हात असावा असं मला खरंच वाटतं, की एमपीएससी जमली नाही म्हणून मी पळवाट शोधतेय? आणि कोल्हापुरात बसून या क्षेत्रात काही होणार आहे का?

प्रिय मैत्रिणी,

पैशाचं आधी बोलू, कारण पन्नास हजारांची तारीख डोक्यावर आहे. ही जागा सोड. जमीन तारण ठेवून या अभ्यासक्रमाला जाऊ नको.

संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. शिकवणारे चांगले असतील, दिल्लीत ओळखी होतील, आणि या क्षेत्रात ओळखींना किंमत आहे. पण बारा लाख घालून जे हातात पडेल ती विद्यापीठाची पदवी असेल का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. अशा काही एक वर्षाच्या अभ्यासक्रमांतून फक्त संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं. खासगी नोकरीला ते चालून जातं. पुढे पीएचडी करायची म्हटलं, किंवा जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ असा शब्द आला, की अडतं. संस्थेला मेल टाक आणि लेखी उत्तर माग. दुसरं म्हणजे, या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा कराराच्या असतात. प्रकल्पाचा निधी संपला की माणूसही मोकळा. त्यातून शिकायला भरपूर मिळतं, पण कर्जाच्या हप्त्याला ते सांगून भागत नाही. कर्ज विभागात बसणाऱ्या मुलीला हे मी काय सांगू! हीच फाईल दुसऱ्या कुणाच्या नावाने तुझ्या टेबलावर आली असती, तर परतफेडीच्या रकान्यापुढे तू काय शेरा मारला असतास?

याचा अर्थ शिकू नको असा मुळीच नाही. हाच विषय पदवीसह आणि कमी खर्चात शिकायच्या जागा आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या हैदराबाद केंद्रात पब्लिक पॉलिसी अँड गव्हर्नन्सचं एम.ए. आहे. बंगळूरची नॅशनल लॉ स्कूल २०१४ पासून दोन वर्षांचा मास्टर्स चालवते, आणि त्याला कायद्याचीच पदवी लागते असं नाही. आयआयटी मुंबईत धोरण अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाच्या तर नावातच आता पब्लिक पॉलिसी आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठ कुटुंबाचं उत्पन्न बघून फीमध्ये मोठी सवलत देतं, कधी पूर्णही. सगळीकडची फी सारखी नाही, म्हणून आधी फीचं पान उघडायचं आणि मग कॅम्पसचे फोटो बघायचे.

कर्ज काढावंच लागलं तर केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना २०२४ च्या अखेरीस मंजूर झाली आहे. तिच्या यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष धरून, व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुझी दिल्लीची संस्था त्या यादीत आहे का, हे पाच मिनिटांत कळेल. तुझा प्रवर्ग पत्रात नाही, म्हणून नुसतं सांगून ठेवते: सारथी, बार्टी, महाज्योती या प्रवर्गानुसार शिष्यवृत्त्या देणाऱ्या राज्याच्या संस्थांची संकेतस्थळं महिन्यातून एकदा उघडत जा. परदेशाचा विचार असणाऱ्या अनुसूचित जातीतल्या वाचकांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आणि ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा पदवी हातात पडल्या पडल्या तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आता पळवाटेचं. या प्रश्नात तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस, की मामलेदार होणं आणि पॉलिसीचा अभ्यास करणं हे एकाच गावाला जाणारे दोन रस्ते आहेत, एक बंद पडला म्हणून दुसरा धरायचा. तसं असतं तर ती पळवाटच ठरली असती, आणि लांबची. पण या पदवीनंतर सहीचा अधिकार येत नाही. निर्णय निवडून आलेली माणसं घेतात, अंमल अधिकारी करतात. तू तिसऱ्याच टेबलावर असशील. पहिली दोन-तीन वर्षं एक्सेलमधली घाण साफ करायची, गावोगावी प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, आमदार-खासदारासाठी किंवा सचिवासाठी दोन पानांची टिपणं लिहायची. त्या टिपणावर तुझं नाव नसतं, आणि दहातली आठ टिपणं कुणी वाचतही नाही. हे चित्र वाचून तुझा उत्साह मावळला, तर तुला खुर्ची हवी होती. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त मग हा विषय सोडून दे.

खुर्चीच हवी असेल तर मामांचं म्हणणं तपासून बघू. ‘आणखी एक अटेम्प्ट’ म्हणजे आता तीच परीक्षा राहिलेली नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांवर गोल करायची तुझी तीन वर्षांची सवय तिथे पुरणार नाही, लिहायला लागेल. जमणार असेल तर अवश्य दे, पण जुन्या हिशेबाने ‘थोडक्यात राहिली होती, यावेळी निघेल’ असं घरात कुणी बोलू नये. आणि ती तीन वर्षं वाया गेली असं लिहिलं आहेस, ते मला पटत नाही. राज्यघटना, पंचायत राज, अर्थसंकल्प, सहकार हे तू पाठ केलंस. पॉलिसीच्या वर्गात शेजारी बसलेल्या इंजिनिअर मुलांना ते पहिल्या सत्रात नव्याने वाचावं लागेल.

मी मात्र तुझं पत्र वाचताना एका ओळीवर अडकले. ती तू शेवटाकडे सहज लिहून गेली आहेस. २०१९ च्या पुरात तुमच्या घराला सरकारी मदत मिळाली, शेजारच्या विधवा काकूंना मिळाली नाही. पंचनाम्याला तलाठी दारात आले, रेशनकार्ड मागितलं. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून दिराचं नाव. काकूंनी भिंतीपलीकडची स्वतःची चूल दाखवली, चिखलाने भरलेली. तलाठी म्हणाले, “मावशी, मला दिसतंय, पण कागदावर घर एकच आहे.”

पूर्ण पत्रात तुझा आवाज इथे सगळ्यात खणखणीत आहे. बाकी ठिकाणी ‘धोरणनिर्मितीत योगदान’ वगैरे शब्द आहेत. ते तू माहितीपत्रकातून उचलले असावेस.

या चुलीपाशीच थोडा वेळ थांबू, कारण पब्लिक पॉलिसीत काय शिकवतात ते तुझ्या वडिलांनाही यातून सांगता येईल. त्या वर्षी ग्रामीण भागात कुटुंबाला दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार सानुग्रह अनुदान होतं, त्यातले पाच हजार रोख आणि उरलेले खात्यावर. आता कुटुंब म्हणजे कोण, हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही वाटता येत नाही. तलाठी निर्दयी होते का? मला तसं वाटत नाही. हातात मोजके दिवस, अख्खं गाव चिखलात, आणि उद्या ऑडिट आलं तर दाखवायला कागद हवा. समज त्यांनी चुली मोजायला सुरुवात केली असती, तर पाणी ओसरायच्या आत गावातल्या चुली दुप्पट झाल्या असत्या, हे तुलाही माहीत आहे. रेशनकार्ड हा वाईट पुरावा आहे, पण तो सगळ्यांकडे होता. मग दुसरा कोणता? वीजमीटर घरमालकाच्या नावावर. घरपट्टीचा उतारा सासऱ्याच्या नावावर, ते जाऊन दहा वर्षं झालेली. गॅसची नोंद बहुतेक त्याच रेशनकार्डावर. ग्रामसभेचा ठराव म्हणावा तर पुरात ग्रामसभा घेणार कोण, आणि दिराचं वजन जास्त की काकूंचं?

याच प्रश्नाकडे वर्गात चार-पाच बाजूंनी बघायला लावतात. संख्याशास्त्राची बाई विचारेल, एका कार्डावर दोन चुली असलेली घरं तुझ्या गावात शंभरात किती, आणि तू ते मोजणार कसं, कारण ‘वेगळे राहता का’ असं विचारलं की उत्तर मदतीच्या आशेने बदलतं. वित्ताचा मास्तर विचारेल, चुलीप्रमाणे द्यायचं तर जिल्ह्याचा बोजा किती वाढतो. कायदेवाला मूळ शासन निर्णय वाचायला लावेल, अर्थ लावायची मोकळीक तलाठ्याला होती की नव्हती. आणि कुणीतरी खट्याळपणे विचारेल, विभक्त रेशनकार्ड काढणं काकूंना इतकी वर्षं का जमलं नाही? बहुधा खरं उत्तर तिथेच असेल, आणि ते पुराच्या आधी कितीतरी वर्षं घडलेलं असेल. मग उपाय पंचनाम्यात शोधायचा की पुरवठा खात्यात? एवढं विचारायला शिकणं म्हणजे हा अभ्यास. सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, सार्वजनिक वित्त, मूल्यमापनाच्या पद्धती ही त्यातली हत्यारं.

त्याच पुरातला तो शासन निर्णय तुला आठवत असेल. क्षेत्र दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असेल तर कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत. लोक संतापले, आणि बरोबरच होतं. पण संताप ओसरल्यावर विचारायचे प्रश्न राहूनच गेले. दोन दिवस कधीपासून मोजायचे, पाणी गावात शिरल्यापासून की घरात? मोजणार कोण? एका नियमातली एक अट हजारो ताटांपर्यंत पोचते, आणि ती अट लिहिणारा माणूस त्या ताटापासून फार लांब बसलेला असतो.

म्हणूनच ‘कोल्हापुरात बसून काय होणार’ हे वाक्य मला मान्य नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडे पोरासोरांना तोंडपाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखलीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या. तरी २०१९ ला आणि २०२१ ला चिखलीतून माणसं बाहेर काढावी लागली. का? शेती नदीकाठी, जनावरं शेतीपाशी, पोरं वाढली तशी घरं वाढली. जागा देऊन गाव हलत नाही. दिल्लीतल्या वर्गात ‘पुनर्वसन’ यावर सत्र होईल तेव्हा उदाहरणं ब्राझील नाहीतर बांगलादेशची असतील. तुझ्याकडे तासाभरावरची सोनतळी आहे. उसाचंही तसंच. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, दिल्लीत ठरते, २००९ पासून. तुटलेल्या उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असा नियम आहे. आणि तो पाळला न जाण्याची कारणं तुझे वडील चहा पिता पिता सांगतील. त्यांना ‘माझे वडील मला समजून घेत नाहीत’ या यादीतून काढ आणि त्यांच्याशी या विषयावर एकदा बस. तोडणीची पाळी कुणाच्या रानाला आधी लागते, हे चिटबॉयला जेवढं कळतं तेवढं साखर आयुक्तालयालाही कळत नसेल.

कोल्हापूरबद्दल काही लिहायचं म्हटलं की शाहू महाराज येतातच, पण इथे ते कामाचे आहेत. १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवल्या, एवढंच आपण भाषणात सांगतो. पण जागा राखल्या तरी त्या भरायला शिकलेली मुलं लागतात. म्हणून १९०१ पासून एकेक वसतिगृह उभं राहत गेलं, आणि १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं, मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंडासकट. एक हुकूम, त्याला टेकू देणारी राहायची सोय, आणि खालून पुरवठा करणाऱ्या शाळा. आज याला बरीच मोठी नावं आहेत. शेजारच्या सांगलीत वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूर भागात, मागेल त्याला काम देऊन पाहिलं. त्यातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्याला तिचाच नमुना होता. दोघांपाशीही पॉलिसीची पदवी नव्हती. तू ती घेऊ नयेस असा याचा अर्थ काढू नको. काकूंच्या गावातला प्रश्न सोबत घेऊन जा, म्हणजे पदवी कशासाठी हे तुला दर सत्राला नव्याने शोधावं लागणार नाही.

तर मी काय करेन? पुढच्या जूनचं लक्ष्य ठेवेन. पतसंस्था सोडणार नाही; पगार आणि अनुभवाचं पत्र दोन्ही हवं आहे. मुख्यमंत्री फेलोशिपला वयाची वरची मर्यादा सव्वीस आहे आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. तुझ्याकडे वेळ थोडा आहे, जाहिरात आली की त्याच आठवड्यात अर्ज कर. तिथे सरकारी कार्यालयात बसून काम आणि सोबत आयआयटीचं शिक्षण, शिवाय मानधन मिळतं. खासदारांबरोबर काम करायची लॅम्प फेलोशिप पंचवीसपर्यंतच आहे, तेव्हा ती बहुधा तुझ्या हातून गेली, पण विशीतल्या वाचकांनी टिपून ठेवावी. बंगळूरच्या तक्षशिला संस्थेचे काही आठवड्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होतात. त्यातला एक करून बघ. आवडला नाही तर बारा लाखांऐवजी थोडक्यात सुटलीस. शिवाजी विद्यापीठात ग्रामीण विकासाचं यशवंतराव चव्हाण स्कूल आहे, तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला सुट्टीच्या दिवशी भेटायला काय हरकत आहे? आणि हो, गणिताला घाबरत असशील तर बारावीचं संख्याशास्त्र आत्ताच काढ. प्रवेश झाल्यावर रडणारी बी.ए.ची मुलं मी पाहिली आहेत.

इंग्रजीचं तू दोन परिच्छेद लिहिलं आहेस, मी दोन वाक्यांत सांगते. वाचायला तुला येतं, बोलायला वर्षभरात येईल. आणि शिरोळच्या काकूंशी त्यांच्याच भाषेत बोलून प्रश्नावली भरून आणणारी मुलगी कुठल्याही संशोधन गटाला हवी असते, कारण बाकीच्यांना दुभाषा लागतो.

स्थळांचा विषय मामांशी नको, आईशी बोल. पत्रात आईचा उल्लेखच नाही, ते मला जरा खटकलं. दोन वर्षं थांबायचं असेल तर घरात ते आधी तिला पटलं पाहिजे. मामांना ती बघून घेईल.

वडिलांना उत्तर काय द्यायचं? पोस्ट ठरलेली नाही, हे खरं आहे, ते लपवू नको. काम कुठे मिळतं ते सांग: धोरण संशोधन संस्था, सरकारच्या प्रकल्पांचे कक्ष, आमदार-खासदारांची कार्यालयं, मूल्यमापन करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक कामाचे (सीएसआर) विभाग. पेन्शन यातल्या कशालाच नाही. ते नाराज होतील. पण जमीन तारण ठेवणार नाही असं तू त्याच बैठकीत सांगितलंस, तर पुढचं ऐकून घेतील.

या पंधरवड्यात एवढंच कर. रविवारी गल्लीतल्या वीस घरांत जा. वही घे, फॉर्म नको. घरात चुली किती, रेशनकार्डं किती, २०१९ आणि २०२१ ला कुणाच्या नावावर काय मिळालं, एवढंच लिहून आण. काकूंचं आधी लिही. मग राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून त्या ऑगस्टमधले मदतीचे शासन निर्णय उतरवून घे. ते मराठीतच आहेत आणि तारखेवरून सापडतात. नाहीच सापडले तर तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपये लागतात. दोन्ही शेजारी ठेवून दोन पानं लिही आणि मला पाठव. मराठीत चालेल, ‘योगदान’ हा शब्द नको. प्रवेशाच्या निबंधाला तीच दोन पानं कामी येतील, इंग्रजी आपण नंतर बघू.